एकच युद्ध, अनेक खोकी : 'ॲक्सिस अँड अलाइज'च्या आवृत्त्या आणि त्यांचा संग्रह

दुसऱ्या महायुद्धावरचा 'ॲक्सिस अँड अलाइज' हा पटावरचा खेळ १९८१ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. तेव्हापासून त्याचा नकाशा बदलला, सोंगट्यांचे साचे बदलले, रणगाड्याची किंमत आणि ताकद बदलली, लढणाऱ्या राष्ट्रांची संख्या वाढली. प्रकाशकही अनेकदा बदलले. त्यामुळे "माझ्याकडे हा खेळ आहे" असे कुणी म्हटले की जाणकार लगेच विचारतात, "कुठला?" या एका प्रश्नाभोवती संग्राहकांचे एक छोटे पण चिवट जग उभे राहिले आहे आणि त्यात बरेच मतभेद आहेत. कोणत्या आवृत्त्या जमवाव्यात, आवृत्ती म्हणायचे कशाला, जमवलेले खोके उघडून खेळावे की सीलबंद ठेवावे, आणि नवे पुनर्मुद्रण आले की जुन्या प्रतीचे काय होते, याची चर्चा आज कुठवर आली आहे ते इथे पाहू.

खेळ कुठून आला

अमेरिकेत युद्धखेळांची परंपरा या खेळाच्या आधीची आहे. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा खेळ स्वतः छापून विकला आणि त्यातूनच पुढे ॲव्हलॉन हिल ही कंपनी उभी राहिली. या परंपरेतल्या खेळांत षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे आणि लांबलचक नियमपुस्तिका असे. खेळणारे थोडे होते, पण निष्ठावान होते.

लॅरी हॅरिस यांनी 'ॲक्सिस अँड अलाइज' रचला तेव्हा तो 'एस ऑफ एसेस' या विमानयुद्धाच्या खेळासाठी ओळखल्या जाणाऱ्या नोव्हा गेम डिझाइन्स या लहान प्रकाशनाकडून आला. त्या पहिल्या आवृत्तीतही पुठ्ठ्याचेच तुकडे होते. १९८४ मध्ये मिल्टन ब्रॅडली या मोठ्या खेळणी कंपनीने तो आपल्या 'गेममास्टर' मालिकेत घेतला आणि त्याचे रूप पालटले. भला मोठा खोका, त्यावर जिम बट यांचे धडाडते चित्र आणि आत प्लास्टिकचे सैनिक, रणगाडे, विमाने, युद्धनौका. एका घरात सोंगट्यांची गर्दी झाली तर त्यांच्याखाली ठेवायला रंगीत चकत्या दिलेल्या होत्या. ज्याने आयुष्यात कधी युद्धखेळ पाहिला नाही असा मुलगाही दुकानात या खोक्यापुढे थबकत असे. त्याच वर्षी हॅस्ब्रो कंपनीने मिल्टन ब्रॅडली विकत घेतली.

रचना साधी होती. पाच राष्ट्रे : एका बाजूला सोव्हिएत रशिया, ब्रिटन, अमेरिका, तर दुसऱ्या बाजूला जर्मनी आणि जपान. काळ १९४२ चा वसंत. प्रत्येक प्रदेशाला उत्पादनाचे मोल, त्या मोलाने सैन्य विकत घ्यायचे, हलवायचे, फासे टाकून लढायचे. पायदळाची किंमत ३, रणगाड्याची ५, लढाऊ विमानाची १२, युद्धनौकेची २४. अक्ष राष्ट्रांनी एकूण ८४ मोलाचे प्रदेश मिळवले की त्यांचा आर्थिक विजय. लांब पुस्तिका वाचायचा कंटाळा असलेल्यांनाही हे अर्ध्या तासात समजत असे. खेळ मात्र रात्र खाऊन टाकतो.

वंशावळ

१९८४ नंतर मिल्टन ब्रॅडलीने हा खेळ अनेकदा छापला. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या खोक्यांत पुढे 'दुसऱ्या आवृत्ती'चे नियम येऊ लागले. १९९८ मध्ये हॅस्ब्रोने संगणकासाठी सीडी काढली. तिच्यातले नियम आणखी सुधारलेले होते आणि संग्राहक त्यांनाच तिसरी आवृत्ती म्हणतात. त्या तिसऱ्या आवृत्तीचा पुठ्ठ्याचा खोका कधी निघालाच नाही. वंशावळ काढायला बसलेला प्रत्येक जण इथे पहिल्यांदा अडखळतो.

१९९८ मध्येच हॅस्ब्रोने ॲव्हलॉन हिलही विकत घेतली आणि पुढे हे नाव 'ॲक्सिस अँड अलाइज'च्या खोक्यांवर आले. १९९९ मध्ये 'युरोप' आणि २००१ मध्ये 'पॅसिफिक' हे एकेका रणभूमीवरचे खेळ निघाले. २००४ मध्ये जगाच्या नकाशाची 'रिव्हाइज्ड' आवृत्ती आली आणि ती नुसती डागडुजी नव्हती. नकाशा नव्याने आखला गेला, तोफखाना आणि विनाशिका जगाच्या पटावर आल्या, विजयासाठी महत्त्वाच्या शहरांची कल्पना आली. बचावात दुबळा असलेला रणगाडा हल्ल्याइतकाच भक्कम झाला आणि लढाऊ विमान १२ वरून १० वर उतरले. त्याच सुमारास 'डी-डे' (२००४), 'बॅटल ऑफ द बल्ज' (२००६) आणि 'ग्वाडलकॅनाल' (२००७) हे लहान खेळ निघाले.

२००८ ची 'ॲनिव्हर्सरी' आवृत्ती १०० डॉलरला विक्रीस आली. तिच्यात इटली स्वतंत्र राष्ट्र झाले, चीनला वेगळे नियम मिळाले आणि खेळ १९४१ किंवा १९४२ यांपैकी कुठूनही सुरू करता येऊ लागला. एक लहानसा दिसणारा बदल फार खोल गेला. तोवर मालवाहू जहाजे बचावात फासा टाकत असत, त्यामुळे आपल्या महागड्या युद्धनौका वाचवायला खेळाडू आधी स्वस्त मालवाहू बुडू देत. आता मालवाहू जहाज निःशस्त्र झाले आणि समुद्रावरचा सगळा हिशेब बदलला.

२००९ ते २०१३ हा सर्वांत दाट काळ. २००९ मध्ये '१९४२' आणि 'पॅसिफिक १९४०', २०१० मध्ये 'युरोप १९४०'. हे शेवटचे दोन पट एकमेकांना जोडले की 'ग्लोबल १९४०' हा अवाढव्य खेळ तयार होतो. त्यांच्या पहिल्या छपाईतली सुरुवातीची मांडणी समतोल नव्हती. हॅरिस यांनी खेळाडूंच्या चाचण्यांतून ती 'अल्फा' या नावाने टप्प्याटप्प्याने दुरुस्त केली आणि २०१२ च्या दुसऱ्या आवृत्त्यांत ती अधिकृत झाली. २०१२ मध्येच नवशिक्यांसाठी '१९४१', आणि २०१३ मध्ये पहिल्या महायुद्धावरचा '१९१४'. २०१७ मध्ये 'ॲनिव्हर्सरी'चे पुनर्मुद्रण झाले. २०२२ मध्ये छपाईचा परवाना रेनेगेड गेम स्टुडिओज या कंपनीकडे गेला आणि आता जुने खेळ तिच्या नावाने पुन्हा छापले जात आहेत.

आवृत्ती म्हणायचे कशाला

पुस्तकांच्या संग्रहात आवृत्ती आणि छपाई यांतला भेद बराचसा ठरलेला आहे. पटावरच्या खेळात तो ठरलेला नाही. एका मतानुसार नियम बदलले की आवृत्ती बदलली. तसे मानले तर मिल्टन ब्रॅडलीच्या एकाच चित्राच्या खोक्यांत दोन आवृत्त्या निघतात आणि खोका न उघडता त्या ओळखणे अवघड जाते. दुसरे मत वस्तूला धरून आहे : खोका, पट, साचे, छपाईचे वर्ष आणि प्रकाशकाचे नाव यांतले काहीही बदलले तर ती वेगळी नोंद. या हिशेबाने रेनेगेडचे पुनर्मुद्रण नियमांत काही न बदलताही वेगळी आवृत्ती ठरते.

तिसरा पेच नावाचा. याच गेममास्टर मालिकेतला 'शोगुन' (१९८६) पुढे १९९५ मध्ये 'सामुराई स्वोर्ड्स' झाला आणि २०११ मध्ये 'इकुसा'. तीन नावे, पण खेळ मुळात एकच. त्याच मालिकेतला हॅरिस यांचाच 'काँक्वेस्ट ऑफ द एम्पायर' २००५ मध्ये ईगल गेम्सने पुन्हा काढला. 'ॲक्सिस अँड अलाइज'मध्ये नेमके उलटे घडले. नाव तेच राहिले आणि खेळ आतून बदलत गेला. १९८४ चा पट आणि 'ग्लोबल १९४०' हे एकाच खेळाचे दोन अवतार आहेत की दोन वेगळे खेळ, यावर जाणकारांचे एकमत नाही.

माझा कौल नियमपुस्तिका आणि नकाशा यांना आहे. साचे सुंदर असतात आणि खोक्यावरच्या चित्राचा मोहही खरा आहे. पण रचनाकाराचा विचार कुठे वळला हे फक्त त्या दोन वस्तूंतून वाचता येते. म्हणून पटाची घडी फाटलेली पण पुस्तिका शाबूत असलेली प्रत मला सुबक पण पुस्तिका हरवलेल्या प्रतीपेक्षा मोलाची वाटते.

जमवणाऱ्यांच्या भूमिका

पहिला गट मूळ रूपाला मानतो. त्याच्या लेखी १९८४ चा मिल्टन ब्रॅडलीचा खोका हाच गाभा. त्यात पायदळाचे सैनिक राष्ट्रागणिक वेगळे असले तरी रणगाडे, विमाने, जहाजे सर्वांची एकाच साच्याची, फक्त रंग निराळे : जर्मनी राखाडी, जपान पिवळा, अमेरिका हिरवी, रशिया तपकिरी, ब्रिटन फिकट बदामी. दुरून पाहिले तरी पट वाचता येतो. शिवाय याच रूपात लक्षावधी लोकांची या खेळाशी ओळख झाली, म्हणून त्याला ऐतिहासिक वजन आहे, असे हा गट म्हणतो. त्यातले काही आणखी मागे, नोव्हाच्या १९८१ च्या छपाईपर्यंत जातात. ती प्रत दुर्मीळ आहे आणि तिच्यातले सगळे तुकडे जागेवर असणे त्याहून दुर्मीळ.

दुसरा गट खेळणाऱ्यांचा. त्यांच्या मते खेळ खेळण्यासाठी असतो, म्हणून सर्वांत चांगली खेळणारी आवृत्ती जमवावी. १९८४ च्या मांडणीत अक्ष राष्ट्रे कमजोर पडतात हे अनुभवी खेळाडूंत जवळपास सर्वमान्य आहे. त्यावर उपाय म्हणून बोलीची पद्धत रूढ झाली. अक्ष बाजू घ्यायला किती जादा उत्पादन हवे ते दोन्ही खेळाडू बोलतात आणि कमी मागणाऱ्याला ती बाजू मिळते. 'रिव्हाइज्ड' ते 'ग्लोबल' हा सगळा प्रवास हा गट सुधारणांचा प्रवास म्हणून वाचतो. पण एका गोष्टीवर तोही विभागलेला आहे. 'ग्लोबल १९४०' सर्वांत परिपूर्ण आहे खरा, पण तो एका बैठकीत संपत नाही. 'ॲनिव्हर्सरी' संपते, आणि तरीही पोट भरते.

तिसरा गट पूर्णत्वाचा. प्रत्येक खोका, प्रत्येक छपाई, शक्य असल्यास परदेशी भाषांतली प्रतही. या गटाची टिंगल केली जाते, पण ती मला अन्यायाची वाटते. मिल्टन ब्रॅडलीच्या दोन पुस्तिकांतल्या ओळी शेजारी ठेवून फरक नोंदवणे, कोणत्या वर्षीच्या खोक्यात कोणता साचा आला ते पाहणे, हे काम याच लोकांनी केले आहे. प्रकाशकांनी त्याची सलग नोंद सार्वजनिक केलेली नाही.

चौथी भूमिका सीलबंद खोक्यांची. वेष्टन न फाडलेली प्रत हीच निर्विवादपणे पूर्ण प्रत, असा तिचा युक्तिवाद आहे. एकदा उघडलेल्या खोक्यात काहीशे बारीक सोंगट्यांपैकी दोन पाणबुड्या कमी आहेत की नाहीत, हे मोजल्याशिवाय कळत नाही. विरोधी पक्ष म्हणतो की न उघडलेल्या खोक्याच्या आत काय आहे याची कुणीच खात्री देऊ शकत नाही आणि तो अभ्यासालाही उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मधला मार्ग म्हणून काही जण दोन प्रती घेतात, पण तो परवडणाऱ्यांचा मार्ग झाला.

पुनर्मुद्रणाचा परिणाम

२००८ ची 'ॲनिव्हर्सरी' संपल्यावर ती जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाऊ लागली. २०१७ मध्ये ती पुन्हा छापली गेली तेव्हा ज्यांनी महागात घेतली होती ते नाराज झाले आणि जे इतकी वर्षे थांबले होते ते सुखावले. या घटनेतून दोन विचार पुढे आले. एक असा की पुनर्मुद्रण संग्रहाला घातक नाही, कारण पहिली छपाई ती पहिली छपाईच राहते. दुसरा असा की या खेळातली दुर्मिळता मुळात कृत्रिम आहे. साचे आणि चित्रफायली प्रकाशकाकडे आहेत तोवर कोणताही खोका उद्या परत येऊ शकतो, म्हणून गुंतवणूक समजून घेणाऱ्याने जपून राहावे. मिल्टन ब्रॅडलीच्या खोक्याची गोष्ट वेगळी पडते. तो त्याच रूपात परत येईल अशी चिन्हे नाहीत, आणि तरीही तो फार महाग नाही, कारण तो अफाट संख्येने छापला गेला होता. दुर्मिळता आणि महत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इथे स्पष्ट दिसते.

नकाशावरचा हिंदुस्थान

आवृत्त्या शेजारी मांडल्या की मराठी वाचकाची नजर आपोआप एका घरावर जाते. १९८४ च्या पटावर हिंदुस्थान हा ब्रिटनचा ३ मोलाचा प्रदेश आहे. तिथे पहिल्याच डावात कारखाना उभारून जपानला आग्नेय आशियात अडवावे, ही ब्रिटनची एक नावाजलेली चाल. 'पॅसिफिक १९४०' मध्ये हे महत्त्व आणखी वाढते. तिथे ब्रिटनची राजधानी कलकत्ता आहे, ती पडली की त्या बाजूचा खजिना जपानच्या हाती जातो. 'ग्लोबल'मध्ये लंडन आणि कलकत्ता यांचे हिशेब वेगवेगळे चालतात. दोन पटांची कड हिंदुस्थानातून जाते आणि पश्चिम हिंदुस्थान युरोपच्या पटावर राहतो.

'पॅसिफिक १९४०' मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना 'अँझॅक' या नावाने स्वतःचे सैन्य, स्वतःचा रंग, स्वतःची पाळी मिळाली. हिंदुस्थानच्या सैन्याला ती कुठल्याही अधिकृत आवृत्तीत मिळालेली नाही. युद्धाच्या शेवटी ते सुमारे २५ लाखांचे होते आणि सक्तीची भरती न करता उभे राहिलेले ते सर्वांत मोठे सैन्य होते. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. पटावर मात्र इटलीत उतरणारा तो सैनिक बदामी रंगाचा ब्रिटिशच असतो.

यावर दोन बाजू मांडल्या जातात. पहिली म्हणते की हा उत्पादन आणि राजकीय निर्णय यांचा खेळ आहे, निर्णय लंडनमध्ये होत होते आणि पट तेच दाखवतो. रशियाच्या सोंगटीतही अनेक जमाती आणि भाषा एकत्र दडलेल्या आहेतच. दुसरी म्हणते की आवृत्तीगणिक इटली, चीन, फ्रान्स, अँझॅक यांना जागा करून देणाऱ्या खेळाला आणखी एक रंग जड नव्हता. पटावरचे कलकत्ता सैन्य पुरवत राहते, पण १९४३ मध्ये त्याच शहराच्या रस्त्यांवर बंगालच्या दुष्काळातली माणसे मरत होती, याची कसलीही खूण कुठल्या आवृत्तीत नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते. मात्र हा दोष एखाद्या आवृत्तीचा नाही, उत्पादनाच्या आकड्यांत युद्ध मांडणाऱ्या संपूर्ण प्रकाराची ती मर्यादा आहे. काही संग्राहक स्वतंत्र कारागिरांकडून जादा सोंगट्या मिळवून हिंदुस्थानी तुकड्या पटावर आणतात. संग्रहात त्यांची नोंद करावी की नाही, हाही वादाचाच विषय.

टिकवण्याचा प्रश्न

मुंबई आणि कोकणातल्या संग्राहकासमोर इथल्या हवेची वेगळी अडचण आहे. पट म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद. पावसाळ्यात पुठ्ठा पाणी ओढतो, कागद वेगळ्या गतीने फुगतो आणि पटाच्या कडा वर उचलल्या जातात. मग बुरशीचे ठिपके येतात. सिलिका जेलच्या पुड्या, बंद कपाट, खोके आडवे आणि एकमेकांवर फार न रचता ठेवणे, पावसाळा सरला की पट उघडून हवा देणे, एवढ्याने बराच बचाव होतो. रबरबँड कागदावर ठेवू नये, ते वितळून चिकटतात. सीलबंद वेष्टनाबद्दलही इथे वेगळा विचार करावा लागतो. घट्ट आवळलेले वेष्टन खोक्याचे कोपरे वाकवते, आणि आत ओल अडकली तर ती बाहेर पडत नाही.

याहून मोठा प्रश्न संग्राहकामागे काय, हा. 'अक्वायर'चे रचनाकार सिड सॅक्सन यांच्याकडे अंदाजे १८,००० खेळ होते. २००२ मध्ये ते गेले आणि संग्रह लिलावात विखुरला. त्यांच्या रोजनिश्या मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातील द स्ट्राँग या खेळांच्या संग्रहालयात जपल्या गेल्या. हस्तलिखिताला संस्था जागा देतात. हजारो छापील खोक्यांना कुठली संस्था आणि कशासाठी जागा देईल, हे अजून ठरलेले नाही. आपल्याकडे गंजिफा आणि सारीपाट संग्रहालयांत दिसतात, कारण ते हाताने घडवलेले असतात. कारखान्यात छापलेल्या खेळाकडे त्याच नजरेने पाहायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

आता पुढे काय अडले आहे

रेनेगेडच्या छपायांमुळे जुने खेळ पुन्हा सहज मिळू लागले आहेत. त्या छपायांची नोंद नीट ठेवायची तर खोक्यावरचे वर्ष, नियमपुस्तिकेचा मजकूर आणि साच्यांतले फरक आत्ताच टिपायला हवेत. वीस वर्षांनी ते शोधत बसणे फार कठीण जाईल.

त्याहून अवघड आहे ते संगणकावरच्या आवृत्त्यांचे. १९९८ ची सीडी हातात असली तरी ती चालवायला त्या काळाचा संगणक लागतो, आणि तिसऱ्या आवृत्तीचे नियम प्रत्यक्ष खेळात उतरले ते तिथेच. बीमडॉग कंपनीची '१९४२ ऑनलाइन' २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आली. तिच्यातले नियम कंपनी दुरूनच बदलू शकते आणि आधीचे रूप खेळाडूकडे उरत नाही. तिथे आवृत्ती म्हणून कपाटात ठेवायला काहीच नसते. अशा खेळाचा संग्रह नियमांच्या नोंदी ठेवून करायचा, झालेल्या डावांच्या नोंदी ठेवून करायचा, की तो संग्रहाबाहेरच मानायचा, यावर संग्राहकांत अजून गंभीर चर्चाही सुरू झालेली नाही.